येसूचं बेट

येसू आमच्या शाळेत आली ती शिकवायला नव्हे, शिकायला. बिगरीच्या वर्गात सहा-सहा वर्षांच्या मुली पाट्या घेऊन बसलेल्या असत. त्यांच्या रांगेच्या शेवटी एके दिवशी ही सतरा-अठरा वर्षांची, उंच, हाडापेराने भक्कम मुलगी येऊन बसली. मुलींना वाटलं कुणाची तरी आई आली आहे. त्या सावरून बसल्या.

मी पुण्याहून मास्तरणीचं शिक्षण घेऊन नुकतीच कल्याणला रुजू झाले होते. मी बालविधवा, थोरल्या भावाने लोकांची बोलणी खाऊन मला शिकवलं होतं. शेणाळे तळ्याजवळ एका भाड्याच्या घरात मुलींची शाळा भरे. शिकवायला आम्ही दोघंच, हेडमास्तर तात्या आणि मी. तात्या पन्नाशीचे, तोंडाने कडक आणि आतून भिडस्त. त्यांनी येसूला बोलावून विचारलं, "तुला येतं काय?"

"विंग्रजी येतं," ती म्हणाली. "मराठी वाचाया नाय येत. तीच शिकाया आलो."

तात्यांनी कपाटातलं एक इंग्रजी पुस्तक काढून मधलंच पान उघडून दिलं. तिने ते उभ्या उभ्या, एका दमात, गाण्यासारखे हेल काढत वाचलं आणि विचारलं, "फुडचं वाचू?" तात्यांचं स्वतःचं इंग्रजी शब्दाला शब्द लावत चाले. त्यांनी पुस्तक मिटलं.

"कुठे शिकलीस हे?"

"चिनीदादला."

हे नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. तात्यांना वाटलं, अहमदाबाद, औरंगाबाद यांच्यातलंच एखादं गाव असेल.

पुढे हळूहळू उलगडा झाला. येसूचा बाप धाकू हा शिळेच्या बाजूचा कुणबी. घाटात आगगाडीचा रस्ता होत होता तेव्हा तो माती वाहायला गेला आणि त्या कामाच्या मागे मागे बायकोसकट लांबत लांबत कलकत्त्यापर्यंत पोचला. तिथे कुणीतरी सांगितलं, समुद्रापलीकडे साखरेच्या बेटावर उसाचं काम आहे, पाच वर्षं करायचं आणि मग मोकळं. चिनी म्हणजे साखर, म्हणून सगळे त्याला चिनीदाद म्हणत. नकाशात त्याचं नाव ट्रिनिदाद. येसू तिथे जन्मली. चार वर्षांनी धाकटा भाऊ महादू झाला. मग आई तापाने तिथेच गेली. येसू तेरा वर्षांची असताना बाप तिला एकटीला घेऊन परत आला, महादू तिथेच राहिला. शिळेला चुलत्यांनी त्यांना घरात घेतलं नाही. समुद्र ओलांडलेले, कुणाकुणाच्या हातचं खाल्लेले. म्हणून बापलेक कल्याणात खाडीच्या बाजूला एका खोपटात राहत आणि धाकू बंदरावर मचव्यांवर गवताचे भारे चढवी.

येसूचं मराठी हे एका माणसाचं मराठी होतं. आई लवकर गेल्यामुळे ती भाषा तिने बापाच्या एकट्याच्या तोंडून उचललेली. त्यामुळे ती 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणे. मुली तोंडावर हात ठेवून हसत. तात्या म्हणत, "अगं, आले म्हण, जेवले म्हण." ती दोन दिवस तसं म्हणे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'मी निघालो' म्हणून चालू लागे. एकदा मी तिला बाजूला घेऊन समजावलं, तर ती म्हणाली, "गोदूताई, बाबा एकलाच बोलायचा माझ्याशी. त्याच्यासारका बोललो नाय, तर त्याला वाटंल ही कोन दुसरीच."

सहा वर्षांच्या मुलींबरोबर बसून तिने वर्षात बाळबोध संपवली. त्यानंतर तात्यांनी तिलाच बिगरी दिली. मुली तिला येसूबाई म्हणू लागल्या. मी मात्र येसूच म्हणत राहिले.

ती कधी खुर्चीवर बसून शिकवताना मला दिसली नाही. बसलीच तर गुडघा हलत राही, मग ती उठे. अंगणातल्या चिंचेखाली काठीने मातीत मोठमोठी अक्षरं काढी आणि म्हणे, "ग वर पळ. आता म वर." मुली धावत. मातीने भरलेले परकर घेऊन घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आज्या शाळेच्या दाराशी येऊन तात्यांना ऐकवून जात. पण त्या मुलींची अक्षरं चार महिन्यांत पक्की होत, आणि माझ्या वर्गात आल्यावर मला फार काही करावं लागत नसे. हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला दिसतं ते. पण तुम्ही त्या आज्यांना सांगा."

दुपारच्या सुटीत ती जेवणाचं फडकं तसंच ठेवून खाडीवर जाई. पाणी चढतंय की उतरतंय एवढंच बघे आणि परत येऊन मला सांगे. तिचं 'आमच्याकडं' ऐकून सुरुवातीला माझा गोंधळ होई. आमच्याकडं झाडाच्या बुंध्यालाच फळं लागतात. आमच्याकडं पोपट इतके की शाळा बंद ठेवावी लागते. हे आमच्याकडं म्हणजे ते बेट. तिच्या बापाचं आमच्याकडं म्हणजे शिळेजवळचं गाव, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पायी पोचता येईल एवढ्या अंतरावरचं. तिथे त्याला जाता येत नव्हतं आणि हिला बेटावर जाता येत नव्हतं.

बेटावरची तिची शाळा म्हणजे झावळ्यांचं छप्पर आणि खाली बाकं. एका पाद्र्याने चालवलेली. तिथे मुलं-मुली एका बाकावर बसत. हिंदुस्थानी, हबशी, चिनी, सगळीच. पाद्र्याला तिचं नाव फार आवडलं होतं. त्याला वाटलं, बापाने मुलीचं नाव येशूवरून ठेवलंय. येसूने पुष्कळ सांगितलं की हे आमच्या आजीचं नाव. त्याला ते पटलं नाही. हा किस्सा सांगताना ती खूप हसे. तो किस्सा पुढे तिच्या अंगाशी आला.

त्याचं असं झालं. शाळा तपासायला एक साहेब आले, आपल्यातलेच, पण मोठ्या हुद्द्यावरचे. भूगोलात त्यांनी विचारलं, तळं म्हणजे काय. एक मुलगी उठून म्हणाली, "चहूबाजूंनी जमीन आणि मध्ये पाणी किंवा डांबर." साहेब म्हणाले, डांबराचं तळं कुठे असतं? मुलगी म्हणाली, "येसूबाईंच्या बेटावर. त्याच्यावरून चालता येतं." साहेब हसले आणि तात्यांकडे वळून म्हणाले, "मुलींना परीकथा शिकवता काय?" तात्यांनी मान खाली घातली. येसू भिंतीशी उभी होती. ती पुढे आली.

"मी चाललोय त्याच्यावर," ती म्हणाली. "पाय भाजतात दुपारचे. साहेब चाललेत काय?"

साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या आणि गेले. धाकटा वर्ग अयोग्य हाती आहे, असा त्यांचा अर्थ होता.

पण शेऱ्यापेक्षा गावात जे पसरलं ते वाईट होतं. येसूबाई समुद्रापलीकडची, पाद्र्याच्या शाळेतली, आणि तिचं नाव तर बघा. ती मुलींना बाटवायला ठेवली आहे, असं महिन्याभरात घरोघर झालं. चाळीसवर मुली होत्या, त्यांच्या नऊ उरल्या. तात्या तिला म्हणाले, "येसू, प्रायश्चित्त घेऊन टाक. भटजींशी मी बोलतो. मग मला लोकांना तोंड दाखवता येईल."

"कशाचं प्रायश्चित्त?" तिने विचारलं. "शाळंत गेलो त्याचं?"

तात्या पागोटं घालून बाहेर निघून गेले. पण त्यांनी तिला काढून टाकलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. वरून दोनदा विचारणा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसरी शिक्षिका मिळत नाही असं कळवलं. दुसरी त्यांनी शोधली नव्हती.

येसूने मग निराळंच काही सुरू केलं. शाळा सुटली की ती चालू लागे. ज्या मुली येईनाशा झाल्या होत्या त्यांच्या घरी जाई. आत जात नसे, पाणी मागत नसे. अंगणात उभी राहून काठीने मातीत एक अक्षर काढी आणि हाक मारी, "सोने, हे काय हाय सांग." आतून सोनी येई. कधी आई दार लावून घेई. तिथे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई. मी दोन-तीनदा तिच्याबरोबर गेले आणि माझे पाय मोडून आले. कल्याणात झालं की ठाकुर्लीला, तिथे आगगाडीवरच्या एका कारकुनाची मुलगी होती. दिवाळी झाली तशा मुली एकेक करून परत येऊ लागल्या. सगळ्या नाही आल्या. पण वर्ग भरला.

ठाकुर्लीहून येतानाच एका संध्याकाळी तिने मला महादूचं सांगितलं. लोहमार्गाच्या कडेने आम्ही चाललो होतो. मी सहज म्हटलं, "तुझा भाऊ तिथे राहिला तो कसा गं? नऊ वर्षांचं पोर."

ती चालता चालताच म्हणाली, "मी राहू दिला त्याला."

बेटावर त्यांच्या शेजारी मार्था नावाची एक हबशी बाई राहायची. येसूची आई गेल्यावर या दोघांना तिने सांभाळलं. महादू तर तिलाच आई म्हणे. परतीचं जहाज निघायच्या दिवशी महादू नाहीसा झाला. बापाने येसूला धाडलं, भावाला शोधून आण. तिला ठाऊक होतं तो कुठे असणार. मार्थाकडे कोको वाळवायचं एक घर होतं. त्या घराचं छप्पर सरकतं असतं: ऊन असलं की बाजूला सारायचं म्हणजे बिया वाळतात, पाऊस आला की ओढून घ्यायचं. त्या छपराखाली, बियांच्या ढिगाआड महादू बसला होता. तिने त्याला पाहिलं. त्याने हात जोडले. नऊ वर्षांच्या मुलाने हात जोडलेले तिने कधी पाहिले नव्हते, असं ती म्हणाली. ती परत गेली आणि बापाला म्हणाली, कुठंच नाय. बाप स्वतः एकदा शोधायला गेला आणि तोही रिकामाच आला. जहाज चुकलं असतं तर करारातला फुकट परतीचा हक्क गेला असता. दोघं चढली.

"बाबाला हे सांगितलंस?"

"कसं सांगू? साडेतीन म्हयने जहाजावर तो रोज काठड्याशी उभा. मी रोज ठरवायचो, आज सांगतो."

तेव्हा मला तिच्या पायांतली ती भिंगरी थोडी कळली.

दर महिन्याला ती बेटावरच्या जुन्या मास्तराला इंग्रजीत पत्र टाकी. माझा भाऊ कुठे आहे, तेवढं कळवा. सहा-सात वर्षं टाकत होती. पत्रं पोचत होती की नाही देव जाणे. एकाचंही उत्तर आलं नाही. मी एकदा म्हटलं, आता पुरे कर. ती म्हणाली, "पत्र टाकलं की दोन दिस बरं जातात."

मग एका भाद्रपदात उत्तर आलं. ते मास्तराचं नव्हतं, महादूचं होतं. त्यातून आता मोठा झालेला माणूस बोलत होता. मास्तर वारला, त्याच्या पेटीत तुझी सगळी पत्रं सापडली, असं त्याने लिहिलं होतं. म्हातारा ती जपून ठेवत होता. महादू देशाकडे ओढला जाईल म्हणून त्याला दाखवत मात्र नव्हता. आता त्याच शाळेत महादू शिकवत होता. लग्न झालं होतं, एक मुलगी होती, तिला आईचं नाव ठेवलं होतं. मार्थाला आता दिसत नाही, पण ती विचारते, येसू जेवते का नीट. शेवटी त्याने लिहिलं होतं की मराठी सगळी विसरलो, तीन शब्द राहिलेत. ते त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिले होते: ये, जेव, नीज.

धाकू तेव्हा अंथरुणाला खिळला होता. दम्याने छाती भरून आलेली. येसू मला बरोबर घेऊन गेली. तिला एकटीला जायची छाती होत नव्हती. तिने ते पत्र त्याला त्याच्या मराठीत वाचून दाखवलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "पुन्यांदा वाच." तिने पुन्हा वाचलं. मग पत्राची घडी घालत, त्याच्याकडे न बघता, म्हणाली, "बाबा, त्या दिशी मला ठावं व्हतं तो कुटं हाय."

"कोकोच्या घरात," धाकू म्हणाला.

येसूचे हात थांबले.

"ऊन पडलेलं आन छप्पर वढलेलं," तो म्हणाला. "भर उन्हात कोन छप्पर वढतो? मी काय येडा व्हतो? मी दारापातुर गेलो. त्याचा श्वास ऐकू येत व्हता."

"मग आनला का नाय?"

"तुझी आय गेल्यापासून ते पोर मार्थाच्या कुशीत निजायचं. वढून आनला असता तर हितं त्याला काय दिलं असतं मी? माझ्या भावांनी मला दार उघडलं नाय."

पत्राची राहिलेली घडी तिने पुरी केली. मग येसू म्हणाली, "आन मला?"

धाकूने डोळे उघडले. "तू नसतीस तर मी कुनाशी बोललो असतो गो," तो म्हणाला.

ती उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले नाही. दाराशी बसून राहिले आणि म्हाताऱ्याला पाणी दिलं. ती ऊन कलल्यावर आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, आणि मुकाट्याने पेज करायला बसली. बापाला तिने स्वतःच्या हाताने भरवलं. त्यानंतर मला एवढंच म्हणाली, "इतकी वरसं मी लपवत फिरलो, आन लपवायला काय नव्हतंच."

धाकू त्या थंडीत गेला. शिळेहून चुलते आले, खांदा दिला आणि त्याच्या अस्थी गावी घेऊन गेले. माणूस नाही, पण अस्थी गेल्या.

महिन्याभराने येसू तात्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मी जातो. तात्यांना वाटलं घरी जाते आहे. त्यांनी मान डोलावली. मग त्यांच्या लक्षात आलं.

बेटाकडे भाडं भरून जायला जहाज आमच्यासारख्यांना मिळत नव्हतं. जायचं तर एकच वाट, बाप गेला तीच: करारावर, पाच वर्षं उसाच्या मळ्यात. मी तिला पुष्कळ बोलले. "अगं, तू मास्तरीण आहेस. तिथे तुला कोयता देतील हातात. आणि महादूच्या गावाजवळच पाठवतील कशावरून?"

"बेट ल्हान हाय गोदूताई. एका दिसात चालून जाईन."

"आणि इथल्या मुली?"

ती म्हणाली, "त्यांना तुमी हायेत." तिचा मला रागच आला. अजूनही ते आठवलं की थोडा येतो.

मळ्यांवर मजूर धाडणाऱ्या कलकत्त्याच्या डेपोसाठी माणसं गोळा करणाऱ्या एका मुकादमाने ठाण्याला नौपाड्यात घर भाड्याने घेतलं होतं. सकाळच्या गाडीने आम्ही दोघी गेलो. ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसलेली होती, बहुतेक घाटावरची. प्रत्येक जहाजात ठरलेल्या संख्येइतक्या बायका लागत, म्हणून एकट्या बायका त्यांना हव्याच असत, त्यामुळे येसूला लगेच पुढे घेतलं. मुकादमाने तिला आधीच बजावलं होतं की लिहायला-वाचायला येतं असं सांगायचं नाही. शिकलेली माणसं मळेवाल्यांना चालत नाहीत, ती अर्ज करतात.

मुकादमाचा कारकून कागदावरून बोट फिरवत कलमं वाचू लागला. काम किती, सुटी कधी, आजारी पडलं तर काय. मी मागे उभी होते. मला कागद दिसत होता. परतीच्या प्रवासाचं कलम आलं आणि त्याचं बोट ते गाळून खालच्या ओळीवर गेलं. मी तोंड उघडलं. येसूने मागे न बघता माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. तिनेही ते वाचलं होतं, समोरून, उलट्या अक्षरांत. तिला ते कलम नको होतं.

"सही येते?" कारकुनाने विचारलं.

"नाय."

"मग निशाणी कर. बायकांची बांगडी असते, तसं वाटोळं काढ कागदावर."

तिने टाक घेतला. बोटांत नाही, मुठीत धरला, कधी न धरल्यासारखा. कल्याणातल्या किती मुलींची बोटं तिने आपल्या हाताने टाकाभोवती वळवून दिली होती, ते मी पाहिलेलं होतं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तिने एक वेडंवाकडं वाटोळं काढलं. शाई थोडी फुटली. कारकुनाने त्याच्या बाजूला लिहिलं, येसू धाकू हिची निशाणी बांगडी, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुपारी त्यांना स्टेशनाकडे नेलं. मी ओसरीच्या खांबाशी उभी राहिले. तिच्या पुढे एक बाई होती, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं. पायऱ्यांशी ती अडखळली, तशी येसूने ते पोर स्वतःकडे घेतलं. ते रडायला लागलं. येसू वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत, भराभर पायऱ्या उतरली आणि त्या घोळक्यात सगळ्यांच्या पुढे निघून गेली.